मेट्रोजवळ घर घेताना...

मुंबईत घर शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षे एकच होता : स्टेशनपासून किती लांब? स्टेशन म्हणजे अर्थातच लोकलचे. चाळ असो वा टॉवर, घराची किंमत रेल्वेच्या रुळांपासून मोजली जात असे. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि या हिशेबात दुसरे स्टेशन आले. आज पश्चिम उपनगरांतील लिंक रोड आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांवरून उन्नत मेट्रो धावते, तर आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो जाते. साहजिकच घरांच्या जाहिरातींत 'मेट्रोपासून पाच मिनिटे' हे वाक्य आता ठळक अक्षरांत असते.

हे वाक्य खोटेच असते असे नाही. परंतु ते अपुरे असते. कोणती मेट्रो, आज धावणारी की उद्या येणारी, पाच मिनिटे चालत की मोटारीने, आणि त्या मेट्रोने घरातील माणसे नेमकी जाणार कुठे, याचा उलगडा त्यात होत नाही. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या व्यवहारात गुंतते, त्यात हे प्रश्न ग्राहकाने स्वतःच विचारलेले बरे.

धावणारी मेट्रो आणि येणारी मेट्रो

मेट्रोच्या मार्गिकेची घोषणा झाली की त्या परिसरातील दर हलू लागतात. भूमिपूजन झाले की आणखी वाढतात, खांब उभे राहिले की पुन्हा वाढतात. प्रत्यक्ष गाडी धावेपर्यंत त्या गाडीची बरीचशी किंमत घराच्या दरात आधीच मिसळलेली असते. म्हणजे ग्राहक सोयीचे पैसे आज मोजतो आणि सोय मात्र पुढे केव्हातरी मिळते. हे 'केव्हातरी' किती लांबू शकते, हे मुंबईच्या अनुभवावरून पाहता येते.

पहिल्या मार्गिकेची पायाभरणी जून २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा मार्ग सुरू होण्यास आठ वर्षे लागली. चारकोप-वांद्रे-मानखुर्द या दुसऱ्या मार्गिकेची कथा याहून बोलकी आहे. ऑगस्ट २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. कारशेडची जागा आणि परवानग्या यांत प्रकल्प अडकला आणि २०१४ मध्ये करारच संपुष्टात आला. पुढे आराखडा बदलला, मार्गिकेचे '२ अ' आणि '२ ब' असे दोन भाग झाले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये '२ अ'चे नव्याने भूमिपूजन झाले. कांदिवलीतील डहाणूकरवाडीपासून दहिसरपर्यंत पहिली गाडी धावली ती एप्रिल २०२२ मध्ये आणि अंधेरी पश्चिमेपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला जानेवारी २०२३ मध्ये. २००९ ची पायाभरणी पाहून चारकोप परिसरात घर घेतलेल्या कुटुंबातील पहिलीतले मूल गाडी येईपर्यंत महाविद्यालयातून बाहेर पडण्याच्या वयाला आले होते.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मार्गिकेचे भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मधले. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरळीतील आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. एकूण अकरा वर्षे.

या तारखांचा अर्थ मेट्रो येतच नाही असा नव्हे. ती येते, पण सांगितलेल्या वेळेवर येईलच असे गृहीत धरून घरखर्चाचे गणित मांडू नये. विकासकाने ताबा देण्यास विलंब केला तर स्थावर संपदा कायद्यान्वये ग्राहकाला व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो. मेट्रोला विलंब झाला तर कोणाकडेच दाद मागता येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी जातो.

म्हणून घर पाहताना मार्गिकेची अवस्था आधी ठरवून घ्यावी. गाडी धावते आहे, बांधकाम चालू आहे, की केवळ आराखड्यात रेघ आहे? पहिल्या अवस्थेत सोयीची पूर्ण किंमत देण्यास हरकत नाही. दुसऱ्या अवस्थेत ती घासाघीस करून द्यावी. तिसऱ्या अवस्थेत मेट्रो नाहीच असे समजून ते घर परवडते का आणि रोजचा प्रवास जमतो का, हे पाहावे.

स्थानकाच्या नावावर जाऊ नये

'बोरिवली मेट्रोजवळ' असे ऐकले की बोरिवली स्टेशनचा गजबजलेला परिसर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात '२ अ' मार्गिकेची बोरिवली पश्चिम, कांदिवली पश्चिम आणि मालाड पश्चिम ही स्थानके लिंक रोडवर आहेत. त्याच नावाच्या रेल्वे स्थानकापासून तेथे जाण्यास बहुतेकांना रिक्षा किंवा बस लागते. लिंक रोडच्या पश्चिमेला राहणाऱ्यांसाठी ही मेट्रो वरदान आहे. पण तिथून उतरून लोकल पकडायची असेल तर मधला तुकडा हिशेबात धरावाच लागतो.

नावांचा आणखी एक घोटाळा आरेचा. महामार्गावरून जाणाऱ्या मार्गिका ७ वर 'आरे' हे स्थानक आहे आणि भुयारी मार्गिकेचे पहिले स्थानक 'आरे जेव्हीएलआर' हे आहे. दोन्ही वेगळ्या मार्गिकांवर आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत. दलालाने 'आरे मेट्रो' म्हटले तर कोणते, हे विचारून घ्यावे.

याउलट काही स्थानकांवर दोन व्यवस्था खरोखर एकत्र येतात. अंधेरी आणि घाटकोपर येथे मार्गिका १ उपनगरी रेल्वेला मिळते. डी. एन. नगर येथे ती '२ अ' च्या अंधेरी पश्चिम स्थानकाला, पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर मार्गिका ७ च्या गुंदवलीला आणि मरोळ नाका येथे भुयारी मार्गिकेला जोडलेली आहे. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे भुयारी मेट्रोतून उतरून लोकल गाठता येते. अशा जोडस्थानकांच्या आसपासचे घर नोकरी बदलली तरी उपयोगी राहते, कारण तेथून एकाहून अधिक दिशा मोकळ्या असतात. अर्थात गर्दी, फेरीवाले आणि रिक्षांच्या रांगाही तेथेच अधिक असतात.

पाच मिनिटे म्हणजे किती?

सर्वसाधारण माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. त्या हिशेबाने पाच मिनिटांत ४०० मीटर होतात आणि एक किलोमीटरला बारा-तेरा मिनिटे लागतात. माहितीपत्रकातील अंतर बहुधा नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेले असते. वाटेत नाला, रेल्वेचे रूळ, एखाद्या वसाहतीची भिंत किंवा आठपदरी महामार्ग असेल तर ४०० मीटरचे सहज ८०० मीटर होतात. मार्गिका ७ महामार्गाच्या मध्यातून जाते. महामार्गाच्या ज्या बाजूला इमारत आहे त्या बाजूला स्थानकाचा जिना उतरतो का, सरकता जिना कोणत्या दिशेने चालतो, उद्वाहन कोणत्या प्रवेशद्वाराला आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. घरात वृद्ध असतील तर ही चौकशी अधिकच महत्त्वाची.

भुयारी स्थानकात आणखी एक वेळ मोजावी लागते. रस्त्यावरील प्रवेशद्वारापासून तिकीट तपासणी ओलांडून फलाटावर पोहोचण्यास काही मिनिटे जातात. एका स्थानकाची प्रवेशद्वारे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर असू शकतात. अंतर स्थानकाच्या नावापासून न मोजता सर्वांत जवळच्या, आणि आज खुल्या असलेल्या, प्रवेशद्वारापासून मोजावे.

सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे : इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत स्वतः चालून पाहावे. एकदा सकाळी नऊच्या सुमारास, एकदा रात्री दहानंतर आणि जमल्यास एकदा भर पावसात. पदपथ आहे का, त्यावर चालण्यास जागा उरते का, दिवे लागतात का, पाणी तुंबते का, घरातील मुलीला उशिरा या वाटेने एकटीला येता येईल का, याची उत्तरे त्या तीन फेऱ्यांत मिळतात.

प्रवास दारापासून दारापर्यंत

स्थानक जवळ असणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला असते. कांदिवली पश्चिमेस लिंक रोडलगत राहणारा आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणारा माणूस '२ अ'ने अंधेरी पश्चिमेला, तेथून मार्गिका १ ने मरोळ नाक्याला आणि तेथून भुयारी मेट्रोने संकुलात जाऊ शकतो. दोनदा गाडी बदलावी लागते, पण प्रवास वातानुकूलित आणि रस्त्यावरील कोंडीपासून मुक्त असतो. त्याच इमारतीतील दुसऱ्या गृहस्थांची कचेरी दादर स्टेशनलगत असेल तर त्यांना रिक्षाने कांदिवली स्टेशन गाठून लोकल धरणेच सोयीचे ठरेल. म्हणजे एकाच मजल्यावरील दोन घरांपैकी एकासाठी मेट्रोची जादा किंमत रास्त आणि दुसऱ्यासाठी निरर्थक असू शकते.

भाड्याचाही हिशेब करावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा भुयारी मेट्रोचे भाडे १० ते ७० रुपये होते. मार्गिका बदलल्या की भाड्याची बेरीज वाढत जाते, आणि लोकलच्या मासिक पासाची सवय झालेल्या कुटुंबाला महिनाअखेरीस हा फरक जाणवतो. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे आणि मूल महाविद्यालयात, अशा घराने तिघांचाही प्रवासखर्च मांडून पाहावा.

जवळिकीची किंमत किती?

या व्यवहारात सर्वांत कमी केली जाणारी आकडेमोड हीच. उदाहरणादाखल ६०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या दोन सदनिका घेऊ. एक स्थानकाला लागून, दर चौरस फुटाला २५,००० रुपये. दुसरी त्याच परिसरात दीड किलोमीटर आत, दर २२,००० रुपये. फरक १८ लाख रुपयांचा. ही रक्कम साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतली तर दरमहा सुमारे १५,६०० रुपये जादा हप्ता बसतो. वाढलेल्या किमतीवर सहा टक्क्यांनी एक लाख आठ हजार रुपये मुद्रांक शुल्कही वाढते.

आता दुसरी बाजू. दीड किलोमीटर आतल्या घरातून दोघे जण स्वतंत्रपणे रिक्षाने स्थानकावर जातात आणि परत येतात, असे धरू. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. दिवसाच्या चार फेऱ्या आणि महिन्याचे २५ दिवस धरता खर्च २,६०० रुपये होतो. बसने गेल्यास तो याहूनही कमी.

यावरून आतले घरच घ्यावे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. स्थानकाजवळचे घर विकताना आणि भाड्याने देताना भाव अधिक मिळतो. रोजचा वाचणारा अर्धा तासही मोलाचा असतो. मात्र भाववाढीचा लाभ घर विकले तरच हाती येतो आणि हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने हा भेद विसरू नये. आपण घेत असलेल्या घरांचे खरे आकडे या नमुन्यात घालून पाहिले, तर किती जादा द्यावे याचे उत्तर कोणा दलालाला विचारावे लागत नाही.

खिडकीबाहेरचा मार्ग

उन्नत मार्गाला अगदी लागून असलेल्या इमारतीत साधारण दुसऱ्या ते पाचव्या मजल्यावरील खिडक्या गाडीच्या किंवा फलाटाच्या समोर येऊ शकतात. आवाज, धूळ आणि खासगीपणाचा प्रश्न तेथे तीव्र असतो. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत दर काही मिनिटांनी आवाज होतो आणि त्याखाली रस्त्यावरील वाहनांचा आवाज खांब-छताच्या मध्ये घुमतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोठ्या रस्त्यालगत ती मेट्रोविनाही ओलांडली जाते. सदनिका पाहायला दुपारी नेले जाते, तेव्हा गाड्याही कमी असतात. गर्दीच्या वेळी खिडक्या उघडून दहा मिनिटे शांत बसावे. शयनगृह मार्गाच्या बाजूला आहे की मागे, यावर पुढच्या वीस वर्षांची झोप अवलंबून आहे. त्याच इमारतीतील मागची सदनिका स्थानकाची सोय देते आणि हा त्रास वाचवते.

भुयारी मार्गाबाबत प्रश्न वेगळे असतात. जुन्या इमारतीत घर घेत असाल आणि पुढे पुनर्विकासाची आशा असेल, तर मेट्रोचा बोगदा किंवा त्याचा संरक्षित पट्टा भूखंडाखालून अथवा शेजारून जातो का, हे तपासावे. मेट्रो मार्गालगतच्या ठराविक पट्ट्यात नवे बांधकाम आणि खोल खोदकाम करण्यास मेट्रो प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. तळघरातील वाहनतळ किंवा खोल पाया यांवर त्यामुळे बंधने येऊ शकतात. गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे याबाबतचा पत्रव्यवहार असल्यास तो पाहून घ्यावा.

समोर उद्या काय उभे राहील, हाही प्रश्न आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्थानकांभोवती दाट वस्ती उभारण्याच्या विकासावर भर आहे. पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण ठरले ते याच विचारातून. गाडीच्या वापरासाठी हे योग्यच आहे. परंतु आज खिडकीतून दिसणारे मोकळे आकाश दहा वर्षांनी राहील, याची शाश्वती स्थानकालगत कोणी देऊ शकत नाही. पाणी आणि मलनिःसारण वाहिन्या वाढत्या वस्तीला पुऱ्या पडतात का, हे शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. वाहनतळही स्थानकात असेलच असे धरून चालू नये. उलट स्थानकावर येणाऱ्यांची वाहने आपल्या गल्लीत उभी राहतात, हा अनुभव अनेक वसाहतींचा आहे.

कागद आणि कर

मेट्रोच्या मोहात मूळ तपासणी राहून जाऊ नये. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला हवा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकासह क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. तो मोबाइलवर तपासला की मंजूर आराखडे, ताब्याची मुदत आणि प्रकल्पावरील बोजा यांची माहिती मिळते. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दर चटई क्षेत्रावरच विचारावा. जाहिरातीतील चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर कायद्याच्या कलम १२ अन्वये भरपाई मागता येते. त्यासाठी जाहिरात, माहितीपत्रक आणि ई-मेल जपून ठेवावेत. 'स्थानकाला थेट पादचारी पूल जोडणार' असे सांगितले जात असेल तर तो कोण बांधणार, परवानगी मिळाली आहे का, हे लेखी मागावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला करारनाम्यात जागा नसेल तर त्याला किंमतही नाही.

कराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत पाच टक्के मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. एकूण सहा टक्के होतात. घर केवळ महिलेच्या नावावर असल्यास एक टक्क्याची सवलत मिळते. हा अधिभार स्थानकाला लागून असलेल्या घरालाही लागतो आणि स्थानकापासून मैलभर दूर असलेल्या घरालाही. बांधकामाधीन सदनिकेवर वस्तू व सेवा कर लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार सदनिकेवर लागत नाही. म्हणजे धावणाऱ्या मेट्रोजवळचे तयार घर आणि येणाऱ्या मेट्रोजवळचे बांधकामाधीन घर यांची तुलना केवळ दराने करू नये. कर, ताब्यापर्यंतचे घरभाडे आणि मेट्रो येईपर्यंतचा प्रवासखर्च हे सारे जमेस धरावे. अनेकदा महाग वाटणारे घर या बेरजेनंतर स्वस्त ठरते.

सही करण्यापूर्वी

● मार्गिका धावते आहे, बांधली जात आहे की आराखड्यात आहे, हे मेट्रो प्राधिकरणाच्या माहितीवरून पडताळावे.
● फाटक ते फलाट हे अंतर वेगवेगळ्या वेळी चालून पाहावे.
● कमावत्या आणि शिकत्या प्रत्येकाचा प्रवास दारापासून दारापर्यंत मोजावा.
● आत असलेल्या तशाच घराशी किमतीतील फरक काढून त्याचा मासिक हप्ता मांडावा.
● गर्दीच्या वेळी आणि रात्री सदनिकेत थांबून आवाज ऐकावा.
● महारेरा नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र आणि गरज असल्यास मेट्रोचे ना हरकत प्रमाणपत्र पाहावे.
● मेट्रो आणखी पाच वर्षे आली नाही तरी हे घर चालेल का, हा प्रश्न घरातील सर्वांनी मिळून सोडवावा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर निर्धास्तपणे पुढे जावे. कारण मग मेट्रो आली तर तो लाभ ठरतो, आणि उशिरा आली तरी घराचा पाया डळमळत नाही. उत्तर 'नाही' असेल तर ते घर नव्हे, वेळापत्रक विकत घेतले जात आहे. आणि वेळापत्रक पाळण्याची हमी त्या करारनाम्यात कोठेही नसते.